चौघींचा ढीग

"वारा आला समुद्राचा, मीठ आलं ओठी,
फोड बाई दगडाला, तांबं त्याच्या पोटी."

शोनेदचा आवाज. घोगरा, धुळीनं खरवडलेला, पण सुराला घट्ट धरून चालणारा. म्हातारपणी कात्रिनचे कान गेले, दारात आलेल्या माणसाला दोनदा हाक मारावी लागे, तरी हा आवाज काही गेला नाही. ताक घुसळताना यायचा, सांजच्याला कोंबड्या आत घेताना यायचा. शेवटचा शब्द शोनेद जरा लांबवायची, आणि तो शब्द तिनं खाली ठेवला की छपराखालच्या सगळ्या हातोड्या एकदम दगडावर पडायच्या.

वेल्श मुलखातल्या मोन बेटावरच्या तांब्याच्या डोंगरावर कात्रिन तरुणपणी दगड फोडायला जायची. बाप्ये खाली खाणीत सुरुंग लावायचे, फुटलेला दगड वर यायचा, आणि वर बायका ओळीनं बसून तो आणखी बारीक करायच्या. तांबं असेल ते ठेवायचं, नसेल ते फेकायचं. समोर लोखंडी ठोकळा, उजव्या हातात हातोडी. डाव्या हातात लोखंडी कड्या गुंफलेला मोजा, कारण दगड धरायचा त्याच हातानं, आणि हातोडी काही माणूस ओळखत नाही. डोक्याला टोपी, तोंडाला ठिपक्यांचा रुमाल, नुसते डोळे दिसायचे. भट्ट्यांच्या गंधकानं डोंगरावर गवताचं पातं उगवत नव्हतं. पायथ्याच्या अम्लूख गावच्या पोरींना त्याबद्दल विचारलं तर त्या म्हणायच्या, बरं आहे बाई, निदान गुरं तरी वळावी लागत नाहीत.

बायका चौघी-चौघींच्या टोळीनं बसायच्या, आणि त्याला कारण होतं. चौघींच्या आठवड्याच्या कामाची मिळून एक अर्धी गिनी व्हायची. सुटी नाणी होतीच कुठं? राजाच्या टाकसाळीनं तांब्याची नाणी पाडायचं कधीच सोडलं होतं. ज्या डोंगरातून जहाजं भरभरून तांबं जायचं, त्याच डोंगरावर धड एक पेनी मिळायची मारामार. म्हणून शनिवारी दुपारी मुकादम टोळीच्या म्होरकीच्या हातावर सोन्याचा तो एवढासा तुकडा ठेवायचा आणि म्हणायचा, घ्या, आणि तुमचं तुम्ही वाटून.

सोनं वाटायचं कसं? ते मोडायचं. आणि अख्ख्या अम्लूखात मोड मिळायची एकाच ठिकाणी, टुडरच्या गुत्त्यात.

"मोड आहे का रे?" कात्रिनच्या टोळीची म्होरकी शोनेद विचारायची.

"आहे की, मावशी. पण माझ्या मोडीला तहान लागलेली असते," टुडर म्हणायचा, आणि विचारायच्या आधीच चार मग पुढे सरकवायचा.

मग प्यायल्याशिवाय गत्यंतर नसे. शोनेद निम्मा प्यायची. कात्रिन ओठ ओले करायची. बेगू चॅपलला जाणारी, कडक धर्माची, तिला दारूचा वासही चालत नसे, तिचा मग लौरी उचलायची आणि म्हणायची, "आण इकडं. तुझं पाप मी पोटात घालते." आणि हे सगळं सोसून हातात काय यायचं, तर झिजून गुळगुळीत झालेले तुकडे. राजाच्या तोंडाचा बटाटा झालेला. निम्मे खोटे. दुकानदार ते दातांखाली धरून बघायचा आणि परत द्यायचा. शोनेदनं त्याच्यावरही कडवं रचलं होतं:

"सोन्याचा गं एक तुकडा, चौघी त्याच्या धनी,
मोडायाला नेला बाई, गुत्त्यात झालं पाणी."

या चौघींत शोनेद सगळ्यात मोठी. तिच्या हाताखाली कितीक पोरी हातोडी धरायला शिकल्या आणि लग्न होऊन गेल्या. लौरी जिभेनं तिखट आणि हातानं चटपटीत. डोंगरावर कुणाच्या टोपीला कितवं ठिगळ लागलं हे तिला पाठ. बेगू दांडगी, मितभाषी, तिच्या घावानं शेजारणीच्या ठोकळ्यावरचा दगडसुद्धा उडायचा. आणि कात्रिन सगळ्यात धाकटी. तिचा नवरा ग्विलिम खनिजाच्या जहाजावर गेला तो परतला नव्हता, आणि बुडाला अशी बातमीही आली नव्हती. घरी लहानगी एलिन होती. दिवसा तिला शेजारच्या आंधळ्या म्हातारीपाशी ठेवून कात्रिन डोंगर चढायची.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला कात्रिनच्या मोज्याची एक कडी उकलली होती. उद्या लोहाराकडून जोडून घेऊ, असं ती म्हणत राहिली. ओल्या दगडावरून हातोडी निसटली आणि नेमकी तिथंच आली. डाव्या हाताची दोन बोटं चेचली. हाडवैद्यानं बांधून दिली, ती वाकडीच जुळली. घरात जवाचं पीठ संपलं तशी बोटं पुरती सुकायच्या आतच ती कामावर परत आली. पण दगड मुठीत ठरेना. दगड धरायचा की बोटं सांभाळायची हे तिच्या डाव्या हाताला ठरवता येत नव्हतं. बेगू ठोकळा दोनदा रिकामा करायची तेवढ्यात कात्रिनचा एकदाही होत नसे.

पण ढीग चौघींचा एक होता. कुणी किती फोडलं हे त्या ढिगाला ठाऊक नव्हतं आणि मुकादमालाही नव्हतं. शनिवारी टुडरच्या गुत्त्यात शोनेद मोड चार जागी ठेवायची, सारखी, आणि कात्रिनचा वाटा सगळ्यात आधी तिच्या चांगल्या हातावर द्यायची. वर एवढंच म्हणायची, "हात बांधून ठेव गं. गार लागू देऊ नको."

कात्रिनच्या ओठाशी शब्द यायचे. दर शनिवारी यायचे. ती ते गिळायची आणि पीठ घ्यायला जायची.

ईस्टर झाला, आणि बंदरावर एक जड पिंप उतरलं. पिंपात खाणीच्या कंपनीनं होलीवेल गावी पाडून घेतलेल्या स्वतःच्या पेन्या होत्या. राजा देत नाही तर आम्ही देतो, असा सगळा मामला. मुकादम रिनाल्तनं त्यातली एक छपराखाली आणली. टोपी मागं सारून तो उभा राहिला, जणू त्यानंच ती घडवली होती. पेनी हातोहात फिरली. जाडजूड होती, मुठीत घेतली की मूठ भरल्यासारखी वाटायची. एका बाजूला दाढीवाला म्हातारा, भोवती ओकच्या पानांची माळ.

"हा कोण?" लौरी म्हणाली. "रिनाल्त, तुमचे वडील का?"

"ड्रुइड आहे तो," रिनाल्त म्हणाला. "आपल्या बेटावरचा जुना पुजारी."

"दाढी बरी ठेवलीय. घरी कुणीतरी विंचरून देतंय."

बेगूनं पेनी बोटाच्या टोकावर धरली. "ख्रिस्ताच्या आधीचा म्हातारा. पाद्री दानाच्या थाळीत घेतील का याला?"

"पाद्री घेतील गं," शोनेद म्हणाली. "घेतील आणि बाप्तिस्मा देतील."

"कडेवर बघा," रिनाल्त म्हणाला. "गोल कोरलंय सगळं. ही पेनी जो कुणी आणील त्याला तिचं मोल मिळेल, असं वचन आहे. लंडनात, लिव्हरपुलात, नाहीतर इथं मोनला."

बेगूला बायबल वाचता यायचं, पण ते वेल्श. हे इंग्रजी होतं. तिनं तरी कडेवरून नख फिरवलं आणि मान हलवली. वचन खरबरीत लागत होतं.

शोनेदनं पेनी घेतली. तळहातावर नुसती उलटसुलट केली. मग म्हणाली, "हे आपलं तांबं आहे पोरींनो. इथून दगड होऊन गेलं. कुणाच्या हातोडीखालनं गेलं कुणास ठाऊक." आणि म्हाताऱ्याच्या दाढीवरून अंगठा फिरवून म्हणाली, "ये बाबा. उपकार झाले आलास ते."

ओळीतल्या बायका हसल्या, पण ज्या हसल्या त्यांनी पुढची पेनी हातात घेताना हात आधी झग्याला पुसला.

मग रिनाल्तनं नवा कायदा सांगितला. आता सुटे पैसे आहेत, तेव्हा एका ढिगाचं कारण नाही. प्रत्येकीचा ढीग वेगळा, मधे फळी. ज्याचं त्याला, म्हाताऱ्याच्या तोंडानं मोजून. गुत्ता नको, वाट बघणं नको. आणि आठवड्याला ठरल्या मापाच्या खाली जिचा ढीग राहील तिची जागा दुसरीला. खाली पोरी कामासाठी थांबल्यातच.

"देवाला दया आली," बेगू म्हणाली. तिला आता गुत्त्याची पायरी चढायची नव्हती.

"टुडर आता पाण्यावर जगणार," लौरी म्हणाली. "आणि पाणी त्याला पचायचं नाही."

सगळी ओळ खूश होती आणि खूश असायला हवीच होती. बाईचे पैसे थेट बाईच्या हातात, हे त्या डोंगरावर कुणी पाहिलं नव्हतं. कात्रिनही हसली. पण तिचा ढीग वेगळा काढला तर तो किती भरेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि डोंगरावरची जागा गेली तर उरायची शेतावरची चाकरी. शेतावर राहायला माणूस घेतात, त्याच्या कडेवरचं पोर घेत नाहीत.

सोमवारी फळ्या लागल्या. शोनेदनं कडवं उचललं, हातोड्या पडू लागल्या. दुपारपर्यंत कात्रिनचा ढीग कोंबडीनं उकरल्यासारखा दिसत होता. ती विहिरीवरून सगळ्यांसाठी पाणी आणायला गेली, आणि परत आली तेव्हा तिला वाटलं, ढीग जरा फुगलाय. उन्हानं वाटत असेल, असं म्हणून ती बसली.

मंगळवारी तिनं ढिगात हात घातला आणि तिला कळलं.

एका ठोकळ्यावर वर्षानुवर्षं फोडलं की बाईचा हात दगडात उतरतो. बेगूचे तुकडे धारदार, मोठे, एका घावात झालेले. लौरीचे कांदा चिरल्यासारखे बारीक. शोनेदचे सगळे एका मापाचे, अक्रोडाएवढे, जणू ती निवडून ठेवते आहे. कात्रिनच्या ढिगात कात्रिनचे तुकडे होते, ठेचलेले, ओबडधोबड. आणि त्यांच्यात या तिघींचेही होते.

मग तिनं लक्ष ठेवलं, मान वर न करता. लौरी सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. कात्रिन पाण्याला गेली आणि बाकीच्या जेवायला उठल्या की बेगू फावडं घ्यायची, ते विहिरीच्या वाटेवरून दिसायचं. आणि शोनेद, ती गाता गाता. रिनाल्तच्या टोपीवरचं कडवं आलं की सगळी ओळ मान मागं टाकून हसायची:

"मुकादम बाईंनो, त्याची टोपी केवढाली,
डोकं गेलं कुठं त्याचं, शोधा टोपीखाली."

तेवढ्या हशात शोनेदचा डावा हात फळीवरून पलीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. त्या आठवड्यात ते कडवं फारच वेळा आलं.

तिघींनाही एकमेकींचं ठाऊक नव्हतं. हे सगळं जाणणारी डोंगरावर एकटी कात्रिन होती, आणि तिलाच बोलता येत नव्हतं. बोलायचं म्हणजे आधी मान्य करायचं, की माझा हात चालत नाही. ते एकदा तोंडातून सुटलं की रिनाल्तच्या कानावर जायला किती वेळ? ती खाली मान घालून फोडत राहिली. पोटात एकाच वेळी ऊब होती आणि लाज होती, आणि दोन्ही एकमेकींना जागा देत नव्हत्या. बुधवार गेला, गुरुवार गेला, ढीग वाढतच राहिला. आता पुरे म्हणावं तर कुणाला म्हणावं?

शनिवारी रिनाल्तनं उघड्यावर मेज मांडलं. मेजावर पेन्यांच्या चळती. मापाची पेटी ढिगाढिगावर फिरली, आणि मग त्यानं पहिलं नाव पुकारलं.

"कात्रिन."

ती पुढे गेली. रिनाल्तनं तिच्या हातावर पेन्या ठेवायला सुरुवात केली. ठेवल्या, आणखी ठेवल्या. एका हातात मावेनात तेव्हा तिला तो वाकडा हातही पुढे करावा लागला.

"हा हात बघा," रिनाल्त ओळीकडं वळून म्हणाला. "बघा नीट. मोडका हात आहे, आणि या ओळीतला सगळ्यात मोठा ढीग या हाताचा आहे. मग तुमचे धडधाकट हात काय झोपले होते? आतापर्यंत एका ढिगात सगळं झाकून जायचं. आता उजेड पडला. सोमवारपासून माप कात्रिनच्या ढिगाचं. त्याखाली येईल तिला पैसे कमी."

ओळीतून कुरकुर उठली.  बेगू आपल्या पायांकडं बघत होती.

"आणि शोनेद मावशी," रिनाल्तचा आवाज जरा खाली आला, कारण तो लहान असताना त्याच्या आईनं तिच्याच शेजारी बसून दगड फोडले होते. "तुमचा ढीग मापाच्या खाली आहे. सगळ्यांत लहान. आता वय झालं तुमचं. सोमवारी येऊ नका. घरी बसा, आराम करा."

शोनेद म्हणाली, "बरं."

एवढंच. मग ती डाव्या हाताचा मोजा सोडायला लागली. कड्या एकमेकींत अडकल्या होत्या, त्या ती सावकाश सोडवत होती. तिनं कात्रिनकडं पाहिलं नाही. लौरीकडंही नाही. तिचे तुकडे कुठं गेले हे सांगायला दोन शब्द पुरले असते, आणि ते दोन शब्द ती बोलणार नव्हती.

कात्रिनच्या दोन्ही हातांत पेन्या होत्या. जड होत्या, उन्हानं कोमट झाल्या होत्या. एलिनचं पीठ, एलिनचे बूट, उरलं तर एक हेरिंग मासा. आपल्या एकटीच्या नावानं मोजलेले पैसे तिनं आयुष्यात पहिल्यांदा हातात धरले होते.

तिनं ते मेजावर परत ठेवले.

"मुकादम," ती म्हणाली, "तो ढीग माझा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे थोडा आहे. खालचा. बाकीचा दुसऱ्यांचा आहे."

रिनाल्तची टोपी पुढं आली. "चोरलास?"

"चोरतेय कशाला ती," लौरी म्हणाली. "मी टाकलाय. सकाळी लवकर येऊन. माझा दगड, मी कुठंही टाकीन."

"तू?" बेगूनं मान वर केली. "तू कशाला टाकलास? मी टाकत होते ना."

"तू कधी?"

"ती पाण्याला गेली की. फावड्यानं."

"फावड्यानं? मग तरीच. मी आपली मूठमूठ टाकतेय आणि मनात म्हणतेय, माझ्या मुठीला देवानं बरकत दिली."

ओळीत कुणीतरी खुदकन हसलं. मग दोघी एकदम शोनेदकडं वळल्या. शोनेद मोज्याच्या कडीत गुंतली होती.

"मावशी," लौरी म्हणाली, "तुमचा ढीग एवढासा का?"

"वय झालं माझं. ऐकलं नाहीस का?"

"टोपीचं कडवं आठवड्यात इतक्यांदा का म्हटलं?"

"चांगलं आहे म्हणून."

आता सगळी ओळ हसायला लागली. रिनाल्तचा हात नकळत टोपीकडं गेला, आणि ते बघून बायका आणखी हसल्या. त्याला राग यायला हवा होता आणि येतही होता, पण कुणावर काढावा हे त्याला सुचेना. चोरी असती तर कायदा होता. आपला माल उचलून दुसरीच्या ढिगात टाकण्यावर कुठला कायदा लावायचा?

कात्रिन अजून मेजापुढं उभी होती. हसू ओसरलं तशी ती म्हणाली, "मुकादम, माझा हात मोडलाय. माझ्या एकटीच्या ढिगाला तुमचं माप भरायचं नाही. मला काढायचं तर काढा. पण मावशींना काढू नका, त्या कमी फोडत नाहीत. आणि माझं एक ऐका. आमचा ढीग एकच मोजा, पूर्वीसारखा."

"पूर्वी नाणं मोठं होतं म्हणून ढीग एक होता," रिनाल्त म्हणाला. "आता सुटे आलेत ना? तुमच्यासाठीच आलेत."

"उपकार आहेत त्यांचे. पूर्वी वाटून घ्यायला गुत्त्यात जावं लागायचं. आता इथंच वाटता येतील. एवढं सोपं झाल्यावर आम्ही वेगळ्या कशाला व्हायचं?"

रिनाल्तनं मेजाकडं पाहिलं. मग उरलेल्या रांगेकडं पाहिलं, जिथं प्रत्येकीचे पैसे अजून वेगळे मोजायचे होते आणि वर ढग जमत होते. चौघींची मापं त्यानं मनाशी एकत्र केली. बेरीज नेहमीचीच होती, पूर्वी अर्धी गिनी व्हायची तेवढीच. उलट थोडी वरच.

"कंपनीला दगडाशी मतलब," तो शेवटी म्हणाला. "कुणाच्या फळीआड आहे त्याच्याशी नाही. पण चौघींचं मिळून चौघींचं माप भरलं पाहिजे. नाही भरलं तर चौघी घरी."

"भरेल," बेगू म्हणाली.

"आणि फळ्या काढा त्या. मला सरपणाला होतील." त्यानं चळती एकत्र केल्या, कात्रिनच्या परत ठेवलेल्या पेन्या त्यात मिसळल्या, आणि सगळं मिळून शोनेदपुढं सारलं. "मावशी, सोमवारी या. आणि ते टोपीचं कडवं..."

"चांगलं आहे की नाही?"

"जरा हळू म्हणत जा."

चौघी डोंगर उतरल्या. टुडर गुत्त्याच्या दारात उभा होता, दाराला टेकून, आज त्याच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं. "मोड हवी का, मावशी?" त्यानं सवयीनं विचारलं. लौरीनं पेन्यांची पिशवी खुळखुळवली आणि काही न बोलता पुढं गेली, आणि तिच्या न बोलण्याची ती पहिलीच खेप असेल.

गावाच्या कडेला दगडी कुंपण होतं, तिथून बंदर दिसायचं. गवत तिथून सुरू व्हायचं. वारा समुद्राचा होता, गंधक मागं राहिलं होतं. चौघी कुंपणाला टेकून बसल्या. बेगूनं झगा पसरला आणि शोनेदनं त्यावर पेन्या चार जागी ठेवल्या. सारख्या. गुत्त्यात न जाता, कुणाची तहान न भागवता, खोटा तुकडा एकही नाही. चार ढिगांवरून दाढीवाले म्हातारे चौघींकडं बघत होते.

कात्रिनचा वाटा शोनेदनं आधी उचलला.

"फावड्यानं," लौरी परत म्हणाली. "तुला जरा अक्कल? पेटी फुटायची वेळ आली होती."

"मला वाटलं मी एकटीच आहे," बेगू म्हणाली.

"तुला वाटलं. आणि मला काय वाटलं?"

"दोघींना सांगते," शोनेद म्हणाली, "गुपचूप करायचं ते असं करतात का? माझा हात कुणाला दिसला का आठवडाभरात?" तिला त्याचा जरा अभिमान होता. मग ती कात्रिनकडं वळली. "तुला कधी कळलं गं? आज माप लागल्यावर ना?"

कात्रिननं पेन्या मांडीवर ठेवल्या. वाकडी बोटं दुसऱ्या हातात घेतली. एवढे दिवस जे ओठाशी यायचं ते आता परत आलं, आणि या वेळी तिनं गिळलं नाही.

"या आठवड्याचं मंगळवारीच कळलं," ती म्हणाली. "तिघींचंही. पण मावशी, मला त्याच्याही आधीपासून माहीत आहे. हात मोडला तेव्हापासून माझा वाटा मी एकदाही फोडला नाही. हिवाळाभर तुम्ही तिघींनी फोडला, आणि शनिवारी तुम्ही तो माझ्या हातावर असा ठेवलात, जसा काही माझाच आहे. माझी एलिन जेवली ती तुमच्या हातचं जेवली. मी बोलले नाही, कारण मी बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, छे गं, कुठं काय, आणि मला ते खरं धरून गप्प बसावं लागलं असतं. ते मला खरं धरायचं नव्हतं. कुणी दिलं ते मला माहीत असायला हवं होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत असायला हवं होतं. तुम्ही दिलंत."